ढोलीतल्या मैना

झाडं भाड्याने मिळायची, त्या काळातली गोष्ट. घुबडरावांच्या ढोलीत बसून सखू, ठकू आणि बकू या तीन मैना गायच्या. आवाज असा घुमायचा की रान डोलायचं आणि मैनांसाठी खाली जांभळांचा ढीग लागायचा. जांभळं घुबडराव खायचे आणि मैनांना बिया द्यायचे.

"काका, आम्हालाही एकेक जांभूळ द्या ना," सखू म्हणाली.

"जांभळाने घसा बसतो, पोरींनो! आणि गोडवा माझ्या ढोलीचा आहे. दुसऱ्या तिघी बसवल्या, तर रानाला काय कळतंय!"

तिघी रागावून उडून गेल्या. घुबडरावांनी शेजारच्या फांदीवरच्या तिघी आणून बसवल्या. त्याही मैनाच. ढोलीतलं सगळं ऐकून त्यांना तोंडपाठ होतं, अगदी सगळं. पहिलं कडवं सुरेख झालं आणि पुढे घुबडरावांच्याच आवाजात आलं, "दुसऱ्या तिघी बसवल्या, तर रानाला काय कळतंय!"

"रानाला कळलं बरं का, घुबडराव!" खारूताई ओरडली, आणि सगळं रान खो खो हसलं.

आता सहाही जणी उघड्या फांदीवर जांभळं खात गातात. घसा एकीचाही बसलेला नाही; मी काळजीने रोज ऐकते. घुबडराव ढोलीत एकटेच घुमतात. त्यांना बिया मिळतात.