डॉक्टरांच्या दाराची कडी

एकदा एका वृद्ध डॉक्टरांच्या नव्या सुनेच्या कानावर, तिच्यासाठी नसलेलं एक वाक्य पडलं. वारंगकाकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. कैऱ्या न मिळणाऱ्या त्या थंड देशात बायकांनी हिरव्या सफरचंदांची डाळ केली होती. सून रिकामं पातेलं घेऊन स्वयंपाकघराशी पोचली, तोच आतून काकूंचा आवाज आला, "सून आली नि डॉक्टरांच्या दाराला कडी लागली. इतक्या वर्षांत संध्याकाळचं ते दार कधी बंद बघितलंत?"

"स्वतः पण डॉक्टरीण आहे ना," दुसरी म्हणाली. "आपल्यासारख्यांची वर्दळ तिला कशी खपेल?"

सून तशीच मागे फिरली. डाळीची स्तुती करायला ती आत निघाली होती, तेवढी राहून गेली.

हे डॉक्टर तरुणपणी समुद्र ओलांडून त्या बंदराच्या गावी आले होते. गोदीत कामाला आलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांचे ते एकटे आधार झाले. कुणाची प्रसूती असो, कुणाचं मोडलेलं हाड असो, मुलांच्या शाळेतलं भांडण असो, सगळं त्यांच्या बैठकीत येई. दिवसा दवाखाना चाले आणि संध्याकाळी घराचं दार नुसतं लोटलेलं असे. सुनेची पदवी त्या देशात अजून ग्राह्य नव्हती, तिची परीक्षा व्हायची होती. आल्या दिवसापासून ती रोज सकाळी दवाखान्यात सासऱ्यांशेजारच्या स्टुलावर बसून शिकत असे. "हात लावण्याआधी बघ," ते तिला सांगत. "निम्मा आजार माणूस चालत येतानाच सांगतो."

आणि याच माणसानं फाल्गुनात वयाचं कारण सांगून दवाखाना बंद केला, आणि तेव्हापासून संध्याकाळी घराच्या दाराला स्वतःच्या हातानं कडी घालायला सुरुवात केली होती. का, ते कुणालाच कळेना. सुनेनं विचारलं नाही. नव्या सुनेनं काय काय विचारू नये, याची यादी तशीही लांबलचक होती.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या, नवरा कामावर होता. बाहेर वारंगकाका होते, डॉक्टरांचे पत्त्यांतले जुने भिडू.

"डॉक्टर, अहो मी आहे! जेवलं की उजव्या कुशीत कळ येते हो. बघता का जरा?"

डॉक्टर खुर्चीतून हलले नाहीत. सून उठू लागली, तर त्यांनी हातानं खूण करून तिला थांबवलं. काका पुन्हा दार वाजवून, थोडं थांबून, जिना उतरले. तेव्हा डॉक्टर घाईघाईनं खिडकीशी गेले आणि पडद्याआडून खाली पाहू लागले.

"पित्ताशय असावं," ते पुटपुटले. "ताठ चालतोय. अंगात ताप दिसत नाही. आजचा दिवस निघेल." मग जरा वेळानं, अगदी हळू, "उजवीकडे वळ रे. उजवीकडे."

उजवीकडे दोन गल्ल्यांवर सरकारी रुग्णालय होतं. सूनही मागून पाहत होती; वारंगकाका डावीकडे, घराकडे वळले.

डॉक्टर मागे फिरले तेव्हा दिव्याचा उजेड त्यांच्या तोंडावर होता. सुनेनं सासऱ्यांच्या डोळ्यांत पाहू नये हा रिवाज डॉक्टर असलेल्या सुनेला फार गैरसोयीचा. आज तिनं तो मोडला. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

"बाबा..."

"पाहिलंस? बरं झालं. शिकवलेलं वाया गेलं नाही." ते खाली बसले. "स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, पसरलेला. घरात रविवारी सांगणार आहे. बाहेर मात्र बोलू नकोस."

"पण दार का बंद केलंत? लोक वाईट बोलतात."

"बोलू देत. सूनबाई, मी या माणसांवर फार माया केली आणि त्या मायेनं त्यांना पांगळं केलं. इतकी वर्षं इथे राहून, कुठे दुखतं हे इथल्या भाषेत सांगायला यांतला एकही जण शिकला नाही. कशाला शिकेल? मी होतो ना! तुझ्या सासूबाईंनीसुद्धा या देशात एकटीनं कधी औषध आणलं नाही. मला ते आवडायचं, बरं का. आपल्यावाचून कुणाचं अडतं, हे फार गोड लागतं. आता मी जाणार, आणि ही माणसं बंद दवाखान्याच्या पायरीवर बसून राहतील. आजार कळला तर डबे घेऊन माझ्या उशाशी येतील, तिथून हलायची नाहीत. त्यापेक्षा माझ्यावर रागावली तर रागाच्या भरात तरी दुसरं दार ठोठावतील."

सुनेच्या डोळ्यांपुढे डावीकडे वळलेली ती पाठ होती. दार बंद केल्यानं दुसरी वाट सापडत नाही, हे एवढ्या अनुभवी माणसाला कळू नये? का कळूनही अंगात बळ उरलं नव्हतं? आणि हे गेल्यावर, ज्या माणसांसाठी त्यांनी आयुष्य वेचलं, त्यांच्या मनात शेवटचा राहणार तो रागच. तो राग दुसऱ्या कुणी घ्यायला हवा होता. नवी सून तशीही काही दिवस वाईटच असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारंगकाकू नवऱ्याला घेऊन आल्या. काकांचा हात कुशीवर होता, तोंड उतरलं होतं. दार वाजलं. डॉक्टरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले.

सुनेनं कडी काढली, अंगावर कोट चढवला, बाहेर येऊन दार आपल्यामागे ओढून घेतलं. काकू तिच्या खांद्यावरून आत पाहू लागल्या. "डॉक्टर आहेत ना गं आत?"

लग्न होऊन आल्यापासून ती मुलगी त्या माणसांत एवढं सलग कधी बोलली नव्हती.

"आहेत. पण यापुढे त्यांना कुणी उठवायचं नाही, ही कडी माझी आहे. काय बोलायचं ते मला बोला, काकू, वाटेत बोला. आपण रुग्णालयात जातोय. मी बरोबर आहे, पण तिथे तोंड काकांनी उघडायचं. 'उजव्या कुशीत कळ येते', एवढं इथल्या भाषेत मी आत्ता त्यांच्याकडून पाठ करून घेते. म्हणा काका, माझ्यामागून."