वाकड्या नाकाची होडी

एका राज्यात मणिभद्र नावाचा राजा होता. त्याला एका मांत्रिकाने घडी घातलेला कागद दिला आणि बजावले, "राजा, ही घडी मोडू नकोस." राजाने आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी कागद उलगडला. आत एक अक्षरही नव्हते. पण त्या क्षणापासून राज्यात उलगडलेल्या कशाचीच पुन्हा घडी पडेना. धोतरे फळीसारखी ताठ, अंथरुणे पसरलेलीच. लोकांनी तेही सोसले. पण धाकट्या राजकन्येच्या, इंदुलेच्या, पापण्या मिटेनात. पाच दिवस लेकराला झोप नाही.

राजाने भिवरा कागदिणीला बोलावले. चाळीस वर्षे कागदाच्या लगद्यात हात भिजवलेली बाई. तिच्या खांद्यावर बोलकी साळुंकी, कमरेच्या पिशवीत एक कागदी होडी. ती तिच्या नवऱ्याने, म्हाळूने, लग्नाच्या साली केलेली. लगदा कुटावा तर म्हाळूनेच, पण घडी म्हटली की आनंदीआनंद! होडीचे नाक वाकडे झाले होते. म्हाळू गेला. भिवरेने होडी कधी उलगडली नाही.

"बाई, माझ्या मुलीला निजवा," शेजारी ताठ उभ्या इंदुलेकडे बघत राजा म्हणाला.

भिवरेने मांत्रिकाच्या कागदावरून अंगठा फिरवला. "कागद विसरत नाही, महाराज. तीन घड्यांचे वळ आहेत."

साळुंकी बोलली, "पहिली घडी श्वास मागते, दुसरी ऊब मागते, तिसरी घडीच मागते."

भिवरेने कागदावर सावकाश फुंकर घातली. पहिली घडी बसली, इंदुलेच्या मुठी मिटल्या. मग तिने कागद तळव्यांत धरला, तळवे तापेपर्यंत. दुसरी घडी बसली, इंदुलेचे गुडघे वाकले, ती भिवरेच्या मांडीवर येऊन आडवी झाली.

तिसरी घडी काही बसेना.

"राज्यात न मोडलेली घडी एकच उरलीय," साळुंकी म्हणाली.

"ठाऊक आहे गं."

"दे की मग. नाक तर वाकडं!"

"तू गप. तुला घरटं तरी कुठं धड जमतं?"

पण भिवरेचा हात पिशवीतच थांबला होता.

"कागदीण आजी," इंदुला म्हणाली, "डोळे दुखतात."

भिवरेने होडी काढली, छातीशी धरली आणि एकेक घडी मोडत पार उलगडली. होडीचा झाला नुसता ताव. तिकडे मांत्रिकाच्या कागदाची तिसरी घडी आपोआप मिटली आणि भर दुपारी राजकन्येचे डोळे मिटले. घरोघर अंथरुणे गुंडाळली गेली.

राजा गहिवरला. "बाई, काय हवं ते मागा."

"पोर उठेतो कुणी आवाज करू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदुला जागी झाली. भिवरा तशीच बसलेली, मांडीला मुंग्या आलेल्या, बाजूला ताव. इंदुलेने तो उचलला. बोटे जुन्या वळांवरून आपसूक चालली. घडी पडली, मग दुसरी, आणि होडी उभी राहिली.

"आजी, नाक वाकडं झालं," ती खट्टू होऊन म्हणाली.

भिवरेने डोळे पुसले. "नाही गं बाळ. अगदी बरोबर आलं."

राज्याची घडी बसली, भिवरेची होडी परत आली. तीन घड्यांची ही कहाणी चौथ्या घडीला पुरी झाली.