भागोजीनं एन्झाइम शुद्ध केलं

टाकळवेढे नावाच्या गावात एक भोळा शिपाई होता. भागोजी त्याचं नाव. गावच्या कॉलेजात त्यानं वीस वर्षं तासाची घंटा वाजवली. सांगितलं की वाजवायची, एवढंच काम. एकदाही चुकला नाही. मग विजेची घंटा आली आणि भागोजीला प्रयोगशाळेत धाडलं.

तिथं कामतेकर बाई होत्या. डाळमिलमागच्या मातीत त्यांना एक जिवाणू सापडला होता. त्या जिवाणूच्या पोटात एक एन्झाइम होतं. डाळीतलं प्रथिन म्हणजे बारीक मण्यांची माळ. त्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातला एक ठरावीक मणी हे एन्झाइम कडाकडा फोडायचं. ते बाकीच्या घाणीतून वेगळं काढायचं, शुद्ध करायचं आणि त्याचे गुण तपासायचे, असा बाईंनी चंग बांधला होता. महिन्याभरात विद्यापीठाची समिती येणार होती. एन्झाइम दाखवलं तर प्रयोगशाळा राहणार. नाहीतर तिथं सायकल स्टँड होणार.

पहिल्या दिवशी बाईंनी जिवाणूंची बाटली भागोजीच्या ताब्यात दिली.

"मी तासाला जाते. जिवाणू वाढले की मला सांगा."

"व्हय बाई."

पाऊण तासात भागोजी वर्गाच्या दारात.

"वाढले बाई."

"इतक्यात?"

"व्हय. बारा बशांत वाढले. बशीला दोन-दोन पळ्या. पन जेवायला कुनी येईना."

बाई धावत आल्या. कँटीनच्या बारा बशा टेबलावर ओळीनं मांडलेल्या. बाटली रिकामी. बाईंनी कपाळाला हात लावला. पण रागावणार कुणावर? भागोजी मूर्ख होता, लबाड नव्हता. केलं ते केलं म्हणायचा, नाही ते नाही म्हणायचा. प्रयोगशाळेत असा माणूस मिळणं अवघड.

"अहो भागोजी, वाढणं म्हणजे मोठं होणं. त्यांना उबेत ठेवायचं आणि हलवत राहायचं."

"असं व्हय! उबेत ठेवायचं, हलवत ऱ्हायचं."

नवे जिवाणू बाईंनी स्वतःच वाढवले. ते फोडून आतला रस काढला. रस भागोजीच्या हातात दिला. "हा जपा बरं. यातच एन्झाइम आहे."

भागोजीनं जपला. बाटली स्वेटरच्या आत पोटाशी धरली आणि कॉलेजच्या मैदानाला पळत अकरा फेऱ्या मारल्या. परत आला तेव्हा बाटलीत ताकासारखा फेस होता.

"मेलं हो ते!" बाई ओरडल्या. "एन्झाइम नाजूक असतं. त्याला बर्फात ठेवायचं. हलवायचं नाही."

"आधी सांगायचं की बाई."

पुढच्या वेळी बाईंनी आणखी जिवाणू वाढायला ठेवले. भागोजीनं ते बर्फात ठेवले. दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "हळू चाला, हादरा बसंल" म्हणत राहिला. संध्याकाळी बाईंना अभिमानानं सांगितलं, "बाई, एक जिवाणू हलला न्हाई."

आता बाईंनी त्याच्या डाव्या तळहातावर 'जिवाणू – ऊब' लिहिलं आणि उजव्या तळहातावर 'एन्झाइम – बर्फ'. भागोजीनं दोन दिवस हात धुतले नाहीत. कँटीनवाल्यानं त्याला दारातूनच परत पाठवलं. पण जिवाणू वाढले, रसही निघाला. बाईंनी तो यंत्रात गरगर फिरवला. गाळ खाली बसला.

"खालचा गाळ फेका. वरचं पाणी आपलं."

भागोजीनं खालचा गाळ फेकला, वरचं पाणी ठेवलं. चूक नाही! बाईंनी त्याला डब्यातला बेसनाचा लाडू दिला. भागोजीचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत घंटेबद्दल त्याला कुणी लाडू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या पाण्यात एक मीठ थोडं थोडं विरघळवलं. एन्झाइम पाण्यातून बाहेर पडून पांढऱ्या साक्यासारखं तळाला बसलं. बाई चष्मा पुसायला वळल्या. तेवढ्यात भागोजीनं साका मोरीत ओतला.

"खालचा गाळ फेकला बाई," तो म्हणाला आणि लाडवासाठी हात पुढं केला.

बाई स्टुलावर मटकन बसल्या. मग म्हणाल्या, "भागोजी, काल गाळ म्हणजे घाण होती. आज गाळ म्हणजे सोनं. आता खालचं आपलं, वरचं फेकायचं. जा, चहा आणा माझ्यासाठी."

भागोजी चहा घेऊन आला. वरचा चहा फेकला होता. कपात चोथा होता.

समिती यायला आठ दिवस उरले. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. या खेपेला साका हाती लागला. तो पाण्यात विरघळवून त्यांनी बारीक गोळ्यांनी भरलेल्या उभ्या काचनळीतून झिरपवला. खाली चाळीस नळ्यांत थेंब गोळा केले. कुठल्या नळीत एन्झाइम आहे हे दिसायचं नाही. म्हणून प्रत्येक नळीतला एक थेंब काढून त्यात औषध टाकायचं. पिवळा रंग आला की समजायचं, एन्झाइम काम करतंय.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "जे काम करतं ते ठेवायचं. जे काम करत नाही ते फेकायचं. एवढं पक्कं ध्यानात ठेवा."

"काम करत न्हाई, ते फेकायचं."

भागोजीनं चाळीसच्या चाळीस नळ्या बरोबर निवडल्या. छत्तीस फेकल्या, चार ठेवल्या. बाईंनी चार नळ्यांतलं एका चिमुकल्या कुपीत जमवलं. चार दिवस त्यातला थेंब-थेंब खर्चून तपासलं. शुद्ध निघालं! किती उष्णता सोसतं, कशात झपाट्यानं चालतं, सगळं वहीत उतरलं. कुपीत अर्धा चमचा एन्झाइम उरलं. समितीसमोर रंग आणून दाखवायला तेवढं पुरे होतं. बाईंना रडू आलं. भागोजीलाही आलं, बाईंना आलं म्हणून.

समिती आली. तीन जण. अध्यक्ष चांगले भरदार होते. त्यांनी खुर्चीत बैठक मारली. पोहे झाले. दोनदा चहा झाला. प्राचार्यांचं भाषण झालं. बाई एकट्याच नळ्या मांडत, पाणी मोजत, घाम पुसत इकडून तिकडं पळत होत्या. भागोजी कोपऱ्यात उभा राहून सगळं बघत होता.

अखेर अध्यक्ष म्हणाले, "बरं, दाखवा तुमचं एन्झाइम."

बाईंनी बर्फाच्या डब्यात हात घातला. कुपी नव्हती.

"भागोजी, कुपी?"

"फेकली बाई."

"काय?"

"सकाळपास्नं नजर ठिवून व्हतो. तुम्ही एकट्या मरमर राबताय, आन् हे बर्फात नुसतं बसून. तसूभर हललं न्हाई. काम करत न्हाई, ते फेकायचं. दिलं मोरीत."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आपलं काहीतरी राहिलं, हे भागोजीला कळलं. त्यानं खोलीभर नजर फिरवली. ती अध्यक्षांवर येऊन थांबली. दोन वेळा चहा, एकदा पोहे, आणि सकाळपासून जागचे हलले नव्हते.

"चुकलं बाई," तो ओशाळून म्हणाला. "अर्धंच काम केलं."

त्यानं बाह्या वर केल्या, अध्यक्षांना खुर्चीसकट उचललं आणि तो मोरीकडं निघाला.