आजोबांचं इंजिन

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात 'सगळं मूळचं' या मानाचं बक्षीस दरवर्षी आप्पासाहेब सरदेशमुखच न्यायचे, कारण परीक्षक त्यांच्याच घरी जेवून यायचे. यंदा पुण्याहून तुळपुळेबाई परीक्षक म्हणून आल्या, त्या स्वतःचा डबा घेऊन.

मोटारी उभ्या होत्या आप्पासाहेबांच्या आजोबांच्या पुतळ्यापाशी. "ही गाडी आजोबांनी स्वतः चालवलीय," आप्पासाहेबांनी बाईंना ऐकवलं, "आणि इंजिनसुद्धा तेच! आतला एक स्क्रू बदललेला नाही."

बाईंनी बॉनेट उघडलं, फडक्यानं काजळी पुसली आणि इंजिनावरचा नंबर वाचला. "या कंपनीचे नंबर ओळीनं वाढत जायचे. त्या हिशेबानं हे इंजिन साधारण एकोणीसशे अडतीसचं."

लोक पुतळ्याकडे बघू लागले. चौथऱ्यावर ठळक कोरलं होतं: निधन १९३४.

"आमच्या घराण्याचा शब्द खोटा ठरवता?" आप्पासाहेब कडाडले.

"छे हो! शब्दही खरा आणि इंजिनही मूळचंच," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे अडतीस साली आजोबा हयात होते, चुकलीय ती चौथऱ्यावरची तारीख. फक्त एवढंच सांगा, तोवर तुमच्याकडे दरवर्षी त्यांचं श्राद्ध व्हायचं, तेव्हा आजोबा पंक्तीला बसायचे की वाढायला असायचे?"

आप्पासाहेबांनी घाम पुसला. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"इंजिन मागाहून बदललं असेल हो," ते पुटपुटले. "आजोबा मात्र वेळेवरच गेले."