उसवलेली रापण

मुलांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार पूर्वीची. समुद्राकाठी एक गाव होतं. सारं गाव प्रभू येशूला मानणारं, पण मंडळ्या तीन. टेकडीवरची मंडळी गुडघे टेकून हळू आवाजात प्रार्थना करी. खाली किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवरची मंडळी ढोलकी वाजवून गाई. माडाच्या बनातली मंडळी नुसती डोळे मिटून शांत बसे.

रीती तीन असल्या तरी रापण एकच होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते पाण्यात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर सगळ्यांनी मिळून ओढायचे. डावी बाजू टेकडीवाल्यांनी विणलेली, उजवी माडवाल्यांनी. मधली खोळ, जिच्यात मासे जमतात, ती पुळणीवाल्यांची. तिन्ही तुकडे एकमेकांना शिवलेले. मिळालेल्या माशांची पहिली पाटी विधवांना आणि आजाऱ्यांना जाई. कोण कुठल्या मंडळीचं, हे कुणी विचारत नसे.

एका वर्षी पुळणीवरच्या दोन मुली आपल्या पाळकांपुढे उभ्या राहिल्या.

"आम्हाला एकमेकींशी लग्न करायचंय. आशीर्वाद द्याल?"

पाळकांनी पुष्कळ दिवस प्रार्थना केली आणि लग्न लावलं.

टेकडीच्या मंडळीचे प्रमुख, ज्यांना सारे 'वडील' म्हणत, ते म्हणाले, "आमच्या शास्त्रवाचनात असं लग्न बसत नाही." माडवाले म्हणाले, "आमचं अजून ठरत नाहीये." वाद झाला, आवाज चढले, पण सकाळ झाली की सगळे दोर धरायला येत.

वडिलांचं खरं दुखणं निराळं होतं. पूर्वी गावात काही बिनसलं की लोक टेकडी चढून त्यांच्याकडे येत. आता ते पुळणीकडे वळत. प्रार्थना करताना वडिलांचा एक डोळा खिडकीतून खाली असे, आज तिकडे कोण कोण गेलं ते बघायला. घरात सून मासे साफ करताना पुळणीवरचं गाणं गुणगुणली, तर त्यांना जेवण जात नसे.

शेवटी ते आपल्या मंडळीला म्हणाले, "असं लग्न लावणाऱ्यांच्या खोळीला आपलं जाळं शिवलेलं नको. उसवा."

त्यांची थोरली बहीण माडवाल्यांत दिली होती. ती काठी टेकत आली.

"अरे, लग्न झाल्यावर इतके महिने तू त्यांच्याबरोबर दोर ओढलास. आजच कसं शास्त्र आठवलं?"

"आक्का, तुम्ही यात पडू नका. हा विश्वासाचा प्रश्न आहे."

"तुझ्या पोटात दुखतंय, आणि तू औषध शास्त्रात शोधतोयस."

वडील उठून जाळ्याकडे गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने शिवण उसवली.

दोनच दिवसांनी तारली माशांची झुंड किनाऱ्याजवळ आली. पाणी नुसतं चमचमत होतं. पावसाळ्याआधीची ही शेवटची झुंड. ते मासे वाळवून गाव चार महिने काढायचं.

टेकडीवाल्यांनी आपला तुकडा सोडला. त्याला खोळच नव्हती. मासे वळसा घालून निघून गेले. पलीकडे पुळणीवाले आणि माडवाले ओढत होते. त्यांच्या खोळीत मासे शिरले आणि डावीकडच्या मोकळ्या जागेतून बाहेर पडले. झुंड खोल पाण्यात दिसेनाशी झाली.

टेकडीच्याच मंडळीतली एक म्हातारी विधवा वाळूत बसली होती. तिने विचारलं, "वडील, आमचं कसं व्हायचं आता?"

वडील ओल्या वाळूतून पाळकांकडे चालत गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या लग्नाबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण रापण मी त्या मतापायी उसवली नाही. तुमची बाकं भरलेली मला बघवत नव्हती."

पाळकांनी मान खाली घातली. "आणि तुमची रिकामी बघून मला बरं वाटत होतं. तेही काही देवाला आवडलं नसेल."

लग्न झालेल्या दोघींतली एक म्हणाली, "वडील, तुम्ही आमचं लग्न मानू नका हवं तर. पण आमच्या हातातला दोर तर माना."

"तो मानतो, पोरी," वडील म्हणाले आणि सुतळी घेऊन खाली बसले.

जाळं पुन्हा शिवलं गेलं, पण झुंड परतली नाही. त्या पावसाळ्यात तिन्ही मंडळ्यांनी पातळ पेज खाल्ली, तीही एकमेकांत वाटून. टेकडीवर तसं लग्न पुढेही कधी लागलं नाही, आणि पुळणीवर लागत राहिलं. माडवाले अजून विचारच करत होते. त्या गावात वाद पुष्कळ झाले. जाळं मात्र पुन्हा कुणी उसवलं नाही.

तात्पर्य: मतभेद ठेवूनही एकत्र राहता येतं, त्यासाठी आधी आपल्या मनातला मत्सर ओळखावा लागतो.