परडीखालचा अ‍ॅम्प्लिफायर

बायांनो, एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की पारखल्यावाचून कुणालाही निकामी म्हणायचं नाही. त्याचं कारण ऐका.

फार मागे कुमुदवहिनींच्या घरी एक जाडजूड हेडफोन होता. खिशातल्या छोट्या रेडिओला जोडला की त्यातून भजन अगदी क्षीण ऐकू येई. "एवढं धूड आणि आवाज डासाचा! जा उद्या भंगारात," रेडिओ हिणवायचा.

"मला जोर लागतो, तो तुझ्यात नाही!" हेडफोन कडाडला. "जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर या वहिनींनी देवघरात चौरंग करून ठेवलाय, वर फुलांची परडी! आणि भंगारात मी जायचं?"

वहिनी ओशाळल्या. परडी उतरवून त्यांनी तिघांना एकत्र जोडलं. भजनातला मृदंग हेडफोनमध्ये घुमला.

"हे माझंच भजन?" रेडिओ पुटपुटला.

कुणाला टाकण्याआधी तुम्हीही आपल्या घरातली परडी एकदा उचलून बघा, एवढं माझं ऐका.