दोन चालींचा ट्रक

“मग चाल बदलत का न्हाई, उस्ताद? बटण तर वर ओढलंय मी!”

जालिंदरनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर थाप मारली.

शेजारच्या सीटवर मांडी घालून बसलेले बाबालाल उस्ताद थर्मासमधून चहा ओतत होते.

ट्रक जुना, उस्तादांच्या लग्नाच्या साली घेतलेला. मागच्या एक्सलला दोन चाली : एक ताकदीची, एक वेगाची. गिअरच्या दांड्यावर लाल बटण. खाली दाबलं की ताकद, वर ओढलं की वेग. खाणीतून दगड भरून वर यायचं ते ताकदीवर, आणि चढ जरा सैलावला की वेगावर. काम काय ते एवढंच.

उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गाडी त्यांना विकायची नव्हती. ही चाल जो बदलेल त्याच्या हाती द्यायची होती. बारा वर्षं ट्रेलर हाकलेल्या जालिंदरनं पहिल्याच दिवशी गल्लीभर सांगून टाकलं होतं, “गाडी आपलीच धरा!” बायकोनं पेढ्यांचंही बोलून ठेवलं होतं. आज तिसरा दिवस, आणि शेवटची खेप.

“अ‍ॅक्सिलेटर तळाला भिडवतोय,” जालिंदर म्हणाला. “आणखी किती दाबू?”

“चहा घे.”

उस्तादांनी ग्लास पुढं केला. जालिंदरनं धरला, ओढला. उस्तादांची बोटं सुटेनात. त्यानं जोर लावला, तसा चहा दोघांच्याही हातावर सांडला.

“अहो, सोडा की! तुम्ही सोडल्याबिगर मी घेऊ कसा?”

उस्ताद त्याच्याकडं बघत राहिले...

मग सोडला.

जालिंदर ग्लास हातात धरून नुसताच बसला. चहा निवला तसा घटकन प्यायला आणि गाडी काढली.

ताकदीवर दुसरा गिअर. तिसरा. बटण वर ओढलं. आणि अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय... पाय काही उचलेना. भरली गाडी, समोर अजून थोडा चढ. मागं घसरली तर? अख्खी खाण हसेल.

दात आवळून त्यानं पाय उचलला.

इंजिनाचा जोर ओसरला. गाडी ना ताकदीवर, ना वेगावर...

मागं कुठंतरी ‘खट्’ झालं. पाय हलकेच परत ठेवला, तशी गाडी भरली असल्याचं विसरून निघाली.

“बदलली! बघितलं का, उस्ताद? बदलली मी!”

“तू काय केलंस?”

“पाय काढला.”

“मग बदलली कुणी?”

जालिंदर गाडी हाकत राहिला. खाणीचं फाटक मागं पडलं, ओढ्याचा पूल गेला...

“न्हाई सांगता येत, उस्ताद.”

उस्ताद सीटला टेकले. तीन दिवसांत पहिल्यांदाच हसले.

“मग ने गाडी.”